फी देऊन गुंतवणूक सल्लागार नेमावा का?

नाशिकची लेक
बाबा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे धरून ६० लाख बचत खात्यात पडून आहेत. सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेले एक सल्लागार वर्षाला २५,००० फी सांगतात. दादाचं म्हणणं, बँकेतला माणूस घरी येऊन फुकट सगळं करून देतोय, मग हे पैसे कशाला घालवायचे? मला फी द्यावीशी वाटते. या वयात बुडालेली रक्कम बाबा परत कुठून उभी करणार? तुमचं मत सांगा.

सातारकर
अजिबात देऊ नका. बाबांना साठ पूर्ण असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख टाका. ८.२ टक्के व्याज, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० खात्यात जमा. आईही साठीच्या पुढे असेल तर तिच्या नावावर आणखी ३० लाख. पोस्टात जाऊन फॉर्म भरला की झालं. यात सल्लागार काय वेगळं करणार?

हिशेबनीस
सातारकर, तुमच्याच सल्ल्यात दोन खड्डे आहेत. बाबांनी आईला पैसे देऊन तिच्या नावावर खातं काढलं, तरी ते व्याज करासाठी बाबांच्याच उत्पन्नात धरलं जातं. आणि सगळे ६० लाख पाच वर्षांसाठी अडकवले तर उद्या दवाखान्याचं काही निघालं की मुदतीआधी मोडून दंड भरायचा. शिवाय पाच वर्षं तेच ६१,५००. किराणा आणि औषधं थोडीच त्याच भावात मिळणार आहेत? हे आधी लक्षात आणून देणाऱ्याला २५,००० दिले तर बिघडलं कुठे?

ठाण्याची मीनल
दादांना सांगा, तो बँकवाला फुकट नाही. माझ्या सासऱ्यांना ६६व्या वर्षी 'एफडीसारखंच आहे काका' म्हणत दहा वर्षं हप्ते भरायची विमा पॉलिसी गळ्यात मारली. पॉलिसी पटली नाही तर परत करायला फ्री-लूकची मुदत असते, हे आम्हाला कळलं तोवर ती संपली होती. दुसऱ्या हप्त्याला पैसे नव्हते. म्हाताऱ्या माणसाच्या विश्वासाचा असा सौदा करणाऱ्यांचा मला संताप येतो. म्युच्युअल फंडातही रेग्युलर प्लॅनमधून, म्हणजे मध्यस्थामार्फत घेतलेल्या प्लॅनमधून, कमिशन दरवर्षी कापलं जातं. फंडांचं एकत्रित सहामाही स्टेटमेंट उघडा, त्यात आकडा छापलेला असतो. त्यामुळे १० लाखांवर २० वर्षं दरवर्षी १२ ऐवजी ११ टक्के पडले, तर हातात जवळपास १६ लाख कमी येतात.

कोल्हापूरचा वितरक
मी म्युच्युअल फंड विकतो, कमिशनवरच काम करतो, ते लपवत नाही. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० हून जास्त अंकांनी पडला. त्या आठवड्यात सकाळपासून रात्रीपर्यंत फोनवर होतो, 'विकू नका' हे एकच सांगत. मध्यस्थाशिवाय थेट फंड घेणारे डायरेक्टवाले कित्येक जण त्या भावात विकून मोकळे झाले. आणि ज्याची एसआयपी, म्हणजे दरमहा फंडात जाणारी रक्कम, दोन हजारांची, त्याने २५,००० फी कुठून द्यायची? त्याच्या दारात मीच जातो.

हिशेबनीस
दोन हजारवाल्याबाबत मान्य. पण इथे ६० लाख आहेत. ताई, सल्लागाराचा नोंदणी क्रमांक आयएनए या अक्षरांनी सुरू होतो का ते सेबीच्या साइटवर तपासा. एआरएन हा फंड विकणाऱ्यांचा क्रमांक; तो सांगितला तर तो वितरक. नोंदणीकृत सल्लागाराला तुमच्याकडून फी आणि त्याच गुंतवणुकीवर कमिशन असं दोन्हीकडून घेता येत नाही. फी ठरावीक रकमेतच ठरवा, टक्केवारीत २.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, म्हणजे ६० लाखांवर दीड लाख!

सातारकर
व्याज बाबांच्या उत्पन्नात धरतात, ते मला ठाऊक नव्हतं. तरीही दरवर्षी फी कशासाठी? घडी एकदा बसली की मग उरतं काय? पहिल्या वर्षी द्या आणि थांबा.

नाशिकची लेक
आज दादाला मीनलताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. बँकवाल्याला रविवारी बोलावलं होतं, ते त्याने रद्द केलं. सल्लागारांशी एका वर्षाचाच करार करतोय, आयएनए क्रमांक तपासला. पुढच्या वर्षीचं मात्र सातारकरांसारखंच बाबाही म्हणतायत, आणि त्यावर घरात वाद चालू आहे.