मदत हवी आहे: इशापूरची जुनी रायफल आत्ता घ्यावी, की भारतातून पुढचा साठा येईपर्यंत थांबावं?

टोलेडोकर:

प्रश्न थोडा वेगळा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

माझे बाबा खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. लहानपण रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं. घरात बंदूक कधीच नव्हती, बाबांनी आयुष्यात एक गोळी झाडली नसेल. चार वर्षांपूर्वी ओहायोत एका सहकाऱ्याबरोबर गन शोला गेलो होतो. एका आजोबांच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीएवढ्या बरणीत सुटी काडतुसं होती, डॉलरला एक. सहज एक उचललं तर बुडावर 'के एफ' असा ठसा. के म्हणजे किर्की, इंग्रजांची खडकी! तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा पुसला, काडतूस फिरवून फिरवून दाखवायला लावलं आणि म्हणाले, "साल काय आहे? माझ्या आधीचं दिसतंय."

तेव्हापासून हे खूळ डोक्यात बसलंय. काडतूस खडकीचं, मग ज्या रायफलीसाठी ते बनलं तीही भारतातलीच हवी. म्हणजे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीची.

आता अडचण सांगतो. गेल्या आठवड्यापासून एक मिळतेय. ७.६२ मिलिमीटरची, २ए१ नावाचं मॉडेल, साल १९६७, मागणी ५५० डॉलर. बोल्टवरचा (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता दांडा) नंबर आणि रायफलीवरचा नंबर वेगळा आहे. सहकारी म्हणतो थांब, भारतातल्या पोलिसांनी आत्ता कुठे थ्री नॉट थ्री निवृत्त केल्यात, त्या जहाज भरून इकडे येतील आणि भाव कोसळतील. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या जानेवारीत त्यांना निरोप दिल्याची बातमी मीही वाचली होती. तर असा साठा खरंच येईल का? आणि ही थ्री नॉट थ्रीचीच नळी बदलून केलेली रायफल आहे का? तसं असेल तर मला नको.

ग्रीन कार्ड गेल्या वर्षी मिळालंय, तेव्हा ती बाजू ठीक असावी.

स्वल्पविराम:

काडतुसाची गोष्ट आवडली. पण युद्धातली हत्यारं घरात हौसेनं का ठेवायची, ते मला कधी कळलेलं नाही. राग नसावा.

टोलेडोकर:

राग कसला. बायकोचाही हाच प्रश्न आहे, आणि उत्तर तिलाही पटलेलं नाही.

जुनं_खोड:

मी पेनसिल्व्हेनियात, वीसेक वर्षं हा नाद आहे. आधी सोपं उत्तर देतो. २ए१ ही बदलून केलेली रायफल नाही. १९६२ च्या युद्धानंतर हत्यारं कमी पडत होती आणि सैन्य ७.६२ च्या काडतुसाकडे वळत होतं. तेव्हा इशापूरने जुन्या ली-एन्फील्डचाच, म्हणजे थ्री नॉट थ्रीचाच आराखडा घेतला, पोलाद सुधारलं आणि नव्या रायफली घडवल्या. चौकोनी मॅगझिन बघा, थ्री नॉट थ्रीचं असं नसतं. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू दिसला तर घाबरू नका, ती दुरुस्ती नाही. लाकूड तडकू नये म्हणून इशापूरवाले तो मुद्दाम घालत, इकडे त्याला 'इशापूर स्क्रू' असंच म्हणतात. ठसा 'आर एफ आय' (रायफल फॅक्टरी इशापूर) असेल. जुन्या, इंग्रजी राज्यातल्या रायफलींवर मुकुट आणि राजा जॉर्जच्या नावाचं 'जी आर आय' असतं.

आता जहाज भरून येण्याबद्दल. तुमच्या सहकाऱ्याला १९९० नंतरची वीस वर्षं आठवत असणार. तेव्हा खरंच पूर आला होता. रशियन मोझिन-नागां शंभर डॉलरच्या आत, घट्ट वंगणात बुडवलेली, बरोबर ४४० गोळ्यांचा पत्र्याचा डबा. मी त्यातल्या तीन घेतल्या आणि चौथी नको म्हणालो. आज तीच चारशेच्या खाली क्वचित दिसते. स्विस सैन्याच्या के३१ रायफलीच्या दस्त्यावरची लोखंडी पट्टी उघडली की आत त्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी निघायची. पलीकडच्या माणसाचं नाव घरात आलेलं असायचं. तो आनंद वेगळाच होता.

पण पूर आला कुठून? दोन महायुद्धांत कोट्यवधी बोल्ट-अॅक्शन रायफली बनल्या. नव्या रायफली आल्यावर सैन्यांनी त्या फेकल्या नाहीत, राखीव म्हणून कोठारात ठेवल्या. शीतयुद्ध संपलं आणि कोठारं रिकामी करायची वेळ आली. ती रिकामी झाली. मुद्दा एवढाच आहे. दुसऱ्यांदा रिकामी करायला आत काही उरलेलं नाही.

आणि त्या रायफलींच्या जागी सैन्यांत काय आलं? एके, जी३, एम१६, म्हणजे स्वयंचलित. अमेरिकेत एकदा मशीनगन ठरलेलं हत्यार कायमचं मशीनगन राहतं, आणि १९८६ च्या मे महिन्यानंतरची मशीनगन सामान्य माणसाच्या नावावर चढतच नाही. पन्नास वर्षं जुनं हत्यार संग्राह्य धरायचा नियम दरवर्षी एक पाऊल पुढे सरकतो, पण या भिंतीला टेकून थांबतो. म्हणून आजच्या सैन्यांनी उद्या काहीही काढलं तरी आख्खी रायफल येणार नाही. मधला सांगाडा गॅसने कापून सुटे भाग येतात, २००५ पासून त्यातली नळीही बंद आहे. तुमच्या नातवाला भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलीचा दस्ता मिळेल भिंतीवर लावायला.

बाकीचं राजकारण. १९६८ च्या कायद्याने लष्करी सरप्लसची, म्हणजे सैन्यांनी काढून टाकलेल्या हत्यारांची आयात बंद केली होती, १९८४ मध्ये संग्राह्य वस्तूंपुरतं दार किलकिलं झालं, त्यातूनच हे सगळं आलं. चीनचं दार १९९४ ला लागलं. रशियन बंदुका-गोळ्यांचे नवे परवाने २०२१ पासून थांबले. कोरियाला दिलेल्या अमेरिकन सैन्याच्या जुन्या गॅरंड रायफली परत आणायचं ओबामांच्या काळात अडलं.

भुसावळ_जंक्शन:

७.६२ म्हटल्यावर आमचं वरणगाव आलंच पाहिजे! काडतुसाच्या बुडावर 'ओ एफ व्ही' दिसलं तर समजायचं जळगाव जिल्हा. टोलेडोकर, बरणीत तेही शोधा.

कुतूहल:

अवांतर विचारतो. मी एच-१बी वर आहे. मला अशी जुनी रायफल घेता येईल का? आणि नंतर भारतात नेता येईल का?

जुनं_खोड:

एच-१बी वर बंदूक बाळगणं हाच संघीय गुन्हा आहे. शिकारीचं वैध लायसन्स हा एक अपवाद आहे, पण 'लायसन्स काढलं की झालं' म्हणणाऱ्या मित्रावर विसंबू नका, वकिलाला विचारा. एका रायफलीपायी व्हिसा पणाला लावण्यात अर्थ नाही.

भारताचं विसरा. थ्री नॉट थ्री आणि ७.६२ दोन्ही तिकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला परवाना न मिळणारी मापं. म्हणूनच तर गंमत बघा, इशापूरची ही रायफल पेनसिल्व्हेनियातला निवृत्त पोस्टमन घेऊ शकतो, इशापूरचा माणूस घेऊ शकत नाही.

टोलेडोकर:

म्हणजे पोलिसांच्या थ्री नॉट थ्री इकडे येणारच नाहीत असं धरायचं? आणि नवीन साठे अजिबातच निघत नाहीत का? मध्यंतरी इथिओपियाच्या रायफलींचं बरंच ऐकलं होतं.

जुनं_खोड:

अधूनमधून एखादी विहीर लागते, नाही असं नाही. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातलं शस्त्रागार दोन अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतलं. मार्टिनी-हेन्री, नेपाळच्याच गहेंद्र रायफली, त्याही आधीच्या ठासणीच्या बंदुका. त्यातलं १८९८ किंवा आधीचं जे आहे ते संघीय कायद्याने बंदूकच नाही, प्राचीन वस्तू. इथिओपियातून २०१८ च्या सुमारापासून इटालियन कार्कानो, माउझर, ली-एन्फील्ड आल्या. मी एक मागवली होती. दस्त्याला चामड्याची पट्टी शिवलेली, नळीतून पाहिलं तर बोगद्यात काजळी धरावी तसं. भिंतीवर आहे. झाडायची हिंमत नाही. उरलेल्या विहिरी अशाच असणार, थोड्या, गाळाच्या आणि महाग.

भारतातून येण्यावर मी तरी एक डॉलर लावणार नाही. आणि आल्याच समजा, तरी पोलिसांच्या त्या थ्री नॉट थ्री असतील. तुम्हाला हवी आहे २ए१. भाव कुणाचा पडणार?

कॅम्प पेरी तुमच्यापासून तासाभरावर आहे. सैन्याच्या जुन्या रायफली नागरिकांना विकणाऱ्या सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमचं दुकान तिथेच आहे, फिलिपीन्सहून परत आलेल्या गॅरंड त्यांच्याकडेच आल्या. पण त्यांना अमेरिकन नागरिकच लागतो, ग्रीन कार्ड चालत नाही. बघायला मात्र जा.

मुग्धा_इंडियाना:

मी या विषयातली नाही, पण एक सांगते. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान गेल्या वर्षी गेले. तळघरात साठेक रायफली! मुलं कॅलिफोर्नियात, कुणाला नको आहेत. आजींना फक्त एवढंच ठाऊक की "जर्मन वाल्या उजवीकडे". लिलाववाले आले ते ढिगाने भाव सांगून गेले. मग आमच्या ह्यांनी बसून प्रत्येकीचा फोटो आणि नंबर अशी वही केली. दोन शनिवार गेले. आजींनी चहाबरोबर 'पाय' (गोड अमेरिकन पदार्थ) खायला घातला, आणि प्रत्येक रायफल कुठल्या शोमधून आली, त्या दिवशी नवऱ्याशी किती भांडण झालं ते सांगितलं.

जुनं_खोड:

मुग्धाताई, तुम्ही मला लाख शब्दांत सांगता आलं नसतं ते सांगितलंत. पुढचा साठा परदेशातून यायचा नाही, तो आलेला आहे आणि अशा तळघरांतच आहे. नव्वदीत ज्यांनी घेतलं ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मीसुद्धा वही करायला घेतो.

टोलेडोकर, तीस डॉलर भरून संग्राहकाचं लायसन्स काढा, तीन वर्षं चालतं. ग्रीन कार्डवर मिळतं. मग इंडियानातल्या आजींची रायफलही मधल्या दुकानदाराशिवाय थेट घेता येते.

आणि त्या ५५० वालीबद्दल: वेगळा नंबर म्हणजे बोल्ट कुठून तरी दुसरीकडून आलाय. संग्रहाची किंमत कमी होते हे एक, पण खरा प्रश्न हेडस्पेसचा, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस टेकतं त्या जागेपर्यंतच्या अंतराचा. गेज लावून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. 'डी पी' असा ठसा कुठे आहे का पाहा. तो कवायतीच्या रायफलीचा, अशी रायफल झाडायची नसते. पेटीवर '.३०८' असलेल्या दुकानी गोळ्या तिच्यात घालू नका, ७.६२ नाटोच्याच घ्या. आणि बरणीतलं खडकीचं काडतूस झाडायचा विचार असेल तर सोडून द्या. जुन्या काडतुसात चाप ओढल्यावर कधीकधी क्षणभर काहीच होत नाही आणि मग फुटतं, तोवर माणसाने बोल्ट उघडलेला असतो. वरून काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या क्षाराने नळी गंजते. तेलाने तो क्षार जात नाही, गरम पाणीच लागतं.

टोलेडोकर:

अपडेट. शनिवारी ओळखीच्या गनस्मिथला घेऊन गेलो. इशापूर स्क्रू आहे, 'डी पी' नाही, नळी आतून लख्ख. मन हरखलं होतं. मग त्याने गेज घातलं आणि बोल्ट त्याच्यावर सहज बंद झाला. व्हायला नको होता. विकणारा लगेच साडेचारशेवर आला. गनस्मिथ काही बोलला नाही, नुसतं गेज पुसून खिशात ठेवलं. मीही हात जोडले.

रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं वाईट वाटेल त्यांना. तर म्हणाले, "बरं केलंस. आमच्याकडे गेजला नापास झालेला माल कितीही चांगला दिसला तरी बाजूला जायचा." मग बराच वेळ ते गेजांबद्दलच बोलत होते.

लायसन्सचा अर्ज पाठवलाय. मुग्धाताई, आजींच्या वहीत 'आर एफ आय' असं कुठे लिहिलंय का, तेवढं ह्यांना विचाराल का?

मुग्धा_इंडियाना:

विचारलं. दोन आहेत म्हणतात. एकीला पुढच्या लाकडावर तांब्याची तार गुंडाळलेली आहे, ते काय असतं?

जुनं_खोड:

ग्रेनेड फेकायची! लाकूड फुटू नये म्हणून तार बांधत. टोलेडोकर, गेज घेऊन गाडी काढा. अर्ज मंजूर होईपर्यंत नुसतं बघून या, आणि आजींना लिलाववाल्याला फोन करू नका म्हणून सांगा.