वेटिंग फॉर, लिसनिंग टू… हे मधले शब्द मुलांना समजवायचे कसे?

वडगावची ताई

नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला संध्याकाळच्या शिकवण्या घेते. मुलं मराठी माध्यमाची, आठवी ते दहावी. घरात मराठी, गल्लीत कन्नड, इंग्रजी फक्त वहीत.

चालू वर्तमानकाळ त्यांना पटकन जमतो. आपल्याकडं दिवसभर ‘जेवालोय, बघालोय, जायालोय’ सुरूच असतं, त्यामुळं ‘आय ॲम ईटिंग’ला कुणी अडत नाही. गाडी अडते ती आयएनजीच्या पुढं. ‘आय ॲम वेटिंग द बस’, ‘शी इज लिसनिंग म्युझिक’ असं सर्रास लिहितात. बरं, ‘फॉर’ घाला, ‘टू’ घाला म्हणून सांगितलं की पुढच्या आठवड्यात ‘वी आर डिस्कसिंग अबाउट क्रिकेट’ आणि ‘आय ॲम गोइंग टू होम’. म्हणजे आता जिथं नको तिथंही घालालेत!

गाईडमध्ये लांबलचक यादी आहे, मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. यादीशिवाय सांगण्यासारखं काही आहे का? नियम नसला तरी चालेल, निदान एखादी खूण.

खानापूरचा पाहुणा

यादीच पाठ करायची ताई. आम्ही तेच केलं. इंग्रजीत कारण विचारायचं नसतं.

निपाणीचे मास्तर

पाहुण्यांचं अर्धं बरोबर आहे. वेटला ‘फॉर’च का आणि लिसनला ‘टू’च का, याचं दहावीच्या पोराला पटेल असं उत्तर नाही, ते तोंडात बसवावंच लागतं. पण कुठला शब्द पाठ करायचा आणि कुठला नाही, हे ओळखता येतं. निपाणीत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यात ही एक खूण मुलांच्या लक्षात राहिलेली पाहिली.

दोन वाक्यं घ्या. ‘आय ॲम वेटिंग ॲट बोगारवेस’ आणि ‘आय ॲम वेटिंग फॉर द बस’. दिसायला सारखी: आयएनजी, मग छोटा शब्द, मग नाम. आता नाम झाकायचं. पहिल्यात ‘ॲट बोगारवेस’ हे सगळंच जातं आणि एकटा ‘देअर’ येतो: ‘आय ॲम वेटिंग देअर’. दुसऱ्यात बसच्या जागी ‘इट’ येतो, पण ‘फॉर’ हलत नाही: ‘आय ॲम वेटिंग फॉर इट’. म्हणजे ‘ॲट’ जागेचा, ‘फॉर’ क्रियापदाचा. जागेचा असेल तर जागा बघून ठरवायचं: ॲट द बस स्टँड, इन द क्यू, ऑन द प्लॅटफॉर्म. ते पाठ करायची गरज नाही, डोळ्यांपुढं चित्र आणलं की बरंचसं कळतं. क्रियापदाचा असेल तर मात्र क्रियापदासकटच वहीत उतरवायचा. ‘वेट’ असा शब्द लिहूच द्यायचा नाही, ‘वेट फॉर’ लिहायचा. तसंच लिसन टू, लुक आफ्टर, लुक फॉर.

मुलं गोंधळतात कारण मराठीत हा जोड नामाला चिकटलेला असतो. ‘बसची वाट बघालोय’ यात ‘ची’ बसकडं आहे. प्रश्न विचारला तरी ‘कशाची’ म्हणून नामाबरोबरच जाते. कन्नडातही तेच, ‘बस्सिगे कायाकत्तीनि’ म्हणताना ‘गे’ बसला लागलेला. इंग्रजीत नाम उठून वाक्याच्या तोंडाशी गेलं तरी ‘फॉर’ आपली जागा सोडत नाही: ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ आमच्या वर्गात या शेवटच्या ‘फॉर’ला पोरं ‘राखणदार’ म्हणायची.

आता तुमचं ‘गोइंग टू होम’. ‘गोइंग टू खानापूर’ झाकलं की ‘गोइंग देअर’ होतं, ‘टू’ गेला. ‘होम’ इथं ‘देअर’सारखाच वागतो, त्याच्या पोटात ‘टू’ आधीच आहे. म्हणून ‘गोइंग होम’. पण ‘स्कूल’ तसा नाही, तिथं ‘टू’ लागतोच.

व्हर्नियर

उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, व्याकरणाशी आपला संबंध कमी. पण ‘वर्किंग’च्या पुढचा शब्द आमच्यात रोज लागतो म्हणून लिहितो. कंपनी ही जागा म्हणून सांगायची तर ‘वर्किंग ॲट’, पगार कोण देतो ते सांगायचं तर ‘वर्किंग फॉर’, डिपार्टमेंट सांगायचं तर ‘वर्किंग इन क्वालिटी’. हुद्दा सांगताना ‘वर्किंग ॲज अ सुपरवायझर’. आणि ‘वर्किंग ऑन’ म्हणजे हातात काय आहे.

ह्या ‘ऑन’वरून एकदा गंमत झाली. बाहेरच्या देशातल्या गिऱ्हाइकाचा माणूस ऑडिटला आला होता. आमच्या ऑपरेटरला विचारलं, ‘व्हॉट आर यू वर्किंग ऑन?’ त्यानं ऐटीत मशीनचंच नाव सांगितलं, ‘व्हीएमसी!’ साहेबाला मशीन समोर दिसतंच होतं, त्याला हवा होता जॉब, म्हणजे पंपाचं कास्टिंग. गडी चुकला असंही म्हणता येत नाही, मशीनवर काम करणं हेसुद्धा ‘वर्किंग ऑन’च. आणि मेंटेनन्सवाला ‘आय ॲम वर्किंग ऑन द लेथ’ म्हणाला तर तो लेथ उघडून बसलाय!

मास्तर, एक शंका. ‘विच स्टॉप आर यू वेटिंग ॲट?’ असंही म्हणतात की. इथं ‘ॲट’सुद्धा शेवटी राहिला. मग तुमचा राखणदार?

निपाणीचे मास्तर

व्हर्नियरसाहेब, माप बरोबर घेतलंत. प्रश्नात दोन्ही शेवटी राहू शकतात, म्हणून निव्वळ प्रश्नावर विसंबू नये. ‘देअर’ बसतो का, हेच बघायचं. ‘वेटिंग फॉर द बस’च्या जागी ‘वेटिंग देअर’ टाकलं तर बसच गायब होते.

ताई, ‘डिस्कसिंग अबाउट’चं राहिलं. त्यातला ‘अबाउट’ मुलं मनानं आणत नाहीत, तो ‘डिस्कशन अबाउट’मधून येतो. नामाला लागतो, क्रियापदाला नाही. ‘एंट्री टू’ पण ‘एंटरिंग द रूम’, ‘मॅरेज टू’ पण ‘मॅरीइंग हिम’. ‘रीच’ही तसाच, ‘वी आर रीचिंग बेळगाव’, मध्ये काही नको. ‘अराइव्ह’ला मात्र ‘ॲट’ किंवा ‘इन’ हवं. असे मोजकेच आहेत, एका पानात मावतात.

वडगावची ताई

मास्तर, ‘देअर’ची खूण उद्याच फळ्यावर लिहिते. आणखी दोन गोष्टी राहिल्या. एक मुलगी लिहिते, ‘धिस लूम इज बिलाँगिंग टू माय अंकल’. ‘टू’ बरोबर आहे, मग खटकतं का? आणि ‘आय ॲम लिव्हिंग इन वडगाव सिन्स 2019’ हे तर मोठी माणसंही म्हणतात.

निपाणीचे मास्तर

पहिल्यात ‘टू’ ठीक, आयएनजी नको. माग काकांचा आहे ही स्थिती आहे, ती घडत नसते. ‘बिलाँग्ज टू’, ‘कन्सिस्ट्स ऑफ’ यांना चालू काळ सोसत नाही. ‘डिपेंड्स ऑन’ही साधाच लिहायला लावा. मराठीतही ‘माग काकांचा असालाय’ कोण म्हणतं?

दुसऱ्यात 2019 पासून आजपर्यंतचा धागा आहे, तो एकट्या ‘ॲम’ला पेलत नाही. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन वडगाव सिन्स 2019’. आपण ‘तेव्हापासून राहालोय’ एवढ्यावर भागवतो, म्हणून ‘हॅव बीन’ सुटतं. सुरुवात सांगायची तर ‘सिन्स’, किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’. हा ‘फॉर’ मुदतीचा, ‘वेट फॉर’मधला नव्हे. ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर द बस फॉर ॲन अवर’ यात दोन्ही आहेत, मुलांना वेगवेगळ्या रंगानं अधोरेखित करायला सांगा.

व्हर्नियर

जाता जाता माझंही एक. नोकरीच्या अर्जात शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ की ‘टू मीटिंग यू’? आमच्या एचआरमध्ये दोन्ही येतात.

निपाणीचे मास्तर

झाकून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे ‘टू’च्या पुढं नामाची जागा आहे. ‘मीट’ नाम म्हणून तिथं बसत नाही, ‘मीटिंग यू’ बसतं.