डिसेंबरच्या शेवटी दोन दिवस: वाघ, तलाव आणि जुनी देवळं एका फेरीत जमतील का?

मनीषनगरची_सून:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंद, नंदावा आणि त्यांचा सहावीतला मुलगा येताहेत. मुलाला वाघ, नणंदेला जुनी देवळं, नंदाव्यांना पाण्याकाठी नुसतं बसायचंय. सासूबाईही सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. माझा बेत असा: पहिल्या दिवशी पहाटे नागपूरहून निघून पेंचची सफारी, दुपारी रामटेक, रात्री नवेगाव बांधला मुक्काम. दुसऱ्या दिवशी नागझिरा, येताना पवनीचा स्तूप आणि रात्री घरी. गाडी भाड्याची, ड्रायव्हर आहे. जमेल ना?

खिंडसीकाठ:
जमेल न जी, पण ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी काम सोडून जाईल. पेंच नागपूरच्या उत्तरेला, नवेगाव बांध पार गोंदिया जिल्ह्यात. काहून इतकं धावता? एकच रस्ता धरा. मी रामटेकचा, तेव्हा पक्षपात समजून घ्या, पण जबलपूर रोडवर तुमचं सगळं मिळते.

सफारी पहिल्या दिवशी ठेवू नका. सकाळचं गेट उजाडता उजाडता उघडते, म्हणजे पोराला रात्री तीनला उठवून गाडीत कोंबावं लागेल. त्यापेक्षा नागपूरहून आरामात तर्री-पोहे खाऊन निघा आणि आधी मनसर करा. तिथं हिडिंबा टेकडीवर विटांचं मोठं बांधकाम उकरून काढलंय. काही अभ्यासक त्याला वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर म्हणतात. बौद्ध की शैव, हा वाद अजून चालूच आहे. सावली नाही, टोप्या घ्या.

मग रामटेक. लोक रामाचं दर्शन घेतात, माकडांना शिव्या देतात अन् उतरतात. नणंदबाईंना सांगा, गडावरची केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन देवळं चुकवू नका. लहान, जाड दगडी, रस्त्यालगतची, म्हणून कोणी थांबत नाही. आत लाल दगडाचा हा एवढा नरसिंह बसलेला आहे. ही वाकाटकांच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली. वरच्या मुख्य मंदिराचं आजचं रूप बरंचसं भोसल्यांच्या काळातलं. केवल नरसिंहात एक शिलालेख आहे, झिजलेला. त्याचा संबंध प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी लावतात. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची सून. नवरा गेल्यावर मुलं लहान होती, तेव्हा वाकाटकांचा कारभार तिनंच पाहिला. जवळच नगरधनला 2015 ते 2018 च्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली. वेळ उरला तर नगरधनचा किल्ला बघा, नाही उरला तर जीव जाळू नका.

सासूबाईंसाठी: गाडी गडावर बऱ्यापैकी वर जाते, तरी थोड्या पायऱ्या आहेतच. अंबाळ्याकडच्या पायऱ्यांच्या नादी लागू नका. अंबाळा तलाव खालूनच दाखवा, काठावरची देवळं अन् घाट बसल्या जागी दिसतात. नंदाव्यांना खिंडसी तलावावर सोडून द्या, संध्याकाळी पाणी झकास असते. रात्री पेंचच्या सिल्लारी गेटकडे मुक्काम, दुसऱ्या सकाळी सफारी, जेवायला नागपुरात.

अन् पोराला आधीच सांगून ठेवा, वाघ दिसला तर दिसला. चितळ, रानगवे दिसतील, नशीब असेल तर रानकुत्री. मनसर सोडल्यावर हायवे काही ठिकाणी उंच पुलांवरून जातो, खालून जनावरं ये-जा करतात. एक पूल 750 मीटर लांब आहे. ते त्याला आवडेल.

वैनगंगा_किनारी:
भाऊंनी रामटेकचं कौतुक केलं, ठीक आहे, पण तलावांचा जिल्हा म्हणाल तर आमचा भंडारा. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले, गावोगाव आहेत, अजूनही त्यांवर धान पिकतं. पवनी पुढच्या वेळी वेगळी करा. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये स्तूप उकरला गेला, कोरीव खांब निघाले. गावात जुना दरवाजा, नदीचे घाट, देवळं आहेत. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यही लागूनच आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. पवनी दोन आहेत. सिल्लारीला जाताना जबलपूर रोडवर एक लागते, आमची वैनगंगेवर आहे. फोनवरचा नकाशा बघून निघालेले पाहुणे भलत्याच पवनीत चहा पीत असतात. नवेगावचंही तेच, खैरी वेगळं आणि बांध वेगळं. जिल्हा टाकून शोधा.

इतवारी_लोकल:
गडावर हातात प्रसादाची पिशवी नको. वानर सरळ हातातून ओढतात. चष्मा सांभाळा. आणि उघड्या जिप्सीत डिसेंबरची पहाट म्हणजे थंडी कडक, मुलाला कानटोपी, मफलर सगळं. बुकिंग ऑनलाइन आजच करा, ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा.

मनीषनगरची_सून:
खूप आभार! नवेगाव बांध काढून टाकलं, जबलपूर रोड पक्का. नंदावे खिंडसीवर बोटीत बसायचं म्हणतात. एकच राहिलं: सासूबाईंना तिखट चालत नाही, दुपारी रामटेकला साधं जेवण मिळेल का?

खिंडसीकाठ:
मिळते न. खाली गावात वरण-भात-पोळीची साधी थाळी मिळते, आधीच "तिखट नको" म्हणून सांगा. सावजी नागपूरला परत आल्यावर नंदाव्यांना खाऊ घाला, त्या दिवशी सासूबाईंना घरीच राहू द्या. अन् जेवणानंतर रामटेकचं पान घ्याच, इथं पानमळे आहेत. बोटीत मुलाला लाइफ जॅकेट घालायला लावा, नाही म्हणेल तरी.