केन नोल्टन यांचे डोमिनोंचे चेहरे : कलाकृती की गणिताचं उत्तर?

ओटीवरून :

केन नोल्टन हे नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, म्हणून आधी थोडी ओळख. जन्म १९३१, न्यूयॉर्क राज्यातल्या स्प्रिंगव्हिल गावी. एमआयटीतून डॉक्टरेट, आणि १९६२ पासून न्यू जर्सीत मरे हिलच्या बेल लॅब्समध्ये, म्हणजे टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेत, नोकरी. १९६३ साली त्यांनी बेफ्लिक्स नावाची संगणकभाषा केली. ठिपक्यांनी चित्रं उभी करून त्यांचा चित्रपट काढायची ही अगदी सुरुवातीची सोय. चित्राला २५२ बाय १८४ ठिपके आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत आठ छटा, एवढंच भांडवल. इथवर ते शास्त्रज्ञ. पुढे मात्र त्यांनी डोमिनो, शंखशिंपले, दोऱ्याची रिळं, फुटक्या किटल्यांचे तुकडे यांतून चित्रं घडवली, बहुतेक माणसांचे चेहरे. २०२२ च्या जूनमध्ये ९१ व्या वर्षी ते गेले.

धागा काढायचं कारण असं की, कलेवरच्या एका चर्चेत "सगळं संगणकाने केलं, या माणसाने फक्त चिकटवलं" असं कुणीतरी ठासून लिहिलं आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते अजिबात मान्य नाही.

डोमिनोंचंच घ्या. डोमिनो म्हणजे खेळातली आयताकृती सोंगटी, तिच्या दोन्ही भागांवर ठिपके. डबल-नाइनच्या, म्हणजे शून्य ते नऊ ठिपक्यांच्या, एका संचात ५५ डोमिनो असतात. प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे ११० चौकोन, आणि शून्यापासून नऊपर्यंतचा प्रत्येक आकडा बरोबर ११ वेळा. काळ्या डोमिनोवर पांढरे ठिपके असले की शून्य सगळ्यात गडद आणि नऊ सगळ्यात उजळ. नोल्टन यांनी अट घालून घेतली की पूर्ण संचच वापरायचे. एकही डोमिनो उरवायचा नाही, एकही बाहेरून आणायचा नाही.

आता या अटीवर चेहरा करून बघा. फोटोत मागे मोठी काळी भिंत असली तरी काळे चौकोन तुम्हाला मोजकेच मिळणार, एकदशांश. बाकीच्या भिंतीत एक, दोन, तीन ठिपके घ्यावेच लागतात. म्हणजे फोटोतल्या सगळ्या छटा नव्याने वाटायच्या. सगळ्यात गडद दहावा हिस्सा शून्यांना, त्यानंतरचा एकला, असं करत नऊपर्यंत. त्यातून डोमिनो म्हणजे जोडी. शून्य-नऊचा डोमिनो संचात एकच. तो कुठे खपेल? जिथे काळोख आणि उजेड एकमेकांना चिकटून आहेत तिथेच. काळ्या कोटाला पांढरी कॉलर टेकते तिथे, नाहीतर चष्म्याच्या काडीपाशी. कुठला चेहरा ही अट सोसेल, कुठला फोटो घ्यायचा, काय कापायचं, हे सगळं माणसाला ठरवावं लागतं. ज्याने स्वतःला इतकं जखडून घेतलं आणि तरी समोरच्या माणसाची नजर चित्रात आणली, त्याला मी कलावंतच म्हणेन.

शाईची दौत :

माहिती उत्तम, निष्कर्ष पटला नाही. अट अवघड आहे, हे कबूल. पण अवघड अट पाळल्याने कलाकृती होत नाही. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजचे गणिती रॉबर्ट बॉश यांनी हाच डोमिनोंचा प्रश्न पुढे इंटिजर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे पूर्णांकांतच सगळ्यात चांगलं उत्तर शोधायच्या गणिती रीतीने, सोडवला. म्हणजे प्रश्न मांडता येतो, उत्तर काढता येतं, आणि एका उत्तरापेक्षा दुसरं उत्तर अधिक अचूक आहे हे आकड्यात सांगता येतं. चित्राबद्दल असं काही सांगता येत असेल, तर ते चित्र आहे की उत्तरपत्रिका?

इटलीतल्या रावेन्नाचं सान व्हिताले चर्च घ्या, सहाव्या शतकातलं. तिथे सोनेरी काचेचे तुकडे मुद्दाम वेगवेगळ्या कोनांत तिरके बसवलेत, त्यामुळे माणूस चालू लागला की भिंतीवरचा उजेड हलतो. प्रत्येक तुकड्याचा कल कुणाच्या तरी बोटांनी ओल्या गिलाव्यात ठरवलाय. डोमिनोंच्या चित्रात तसा एकही निर्णय हाताचा नाही. जवळून ठिपके, लांबून चेहरा. गंमत कळली की चित्र संपलं.

ओटीवरून :

दौत, मग मोरोपंतांचं काय करायचं? त्यांनी ओठ लागणारं एकही अक्षर न वापरता निरोष्ठ रामायण रचलं. त्या अटीचेही नियम आज संगणकाला शिकवता येतील. म्हणून पंतांनी केली ती कारागिरी आणि कविता नव्हे, असं म्हणाल? बॉश यांना उत्तर काढता आलं, कारण नोल्टन यांनी आधी प्रश्न विचारला होता. डोमिनोंच्या एका संचात माणसाचा चेहरा दडलेला असू शकतो, हे सुचणं हाच इथला कलेचा भाग.

शाईची दौत :

उदाहरण चांगलं काढलंत, पण ते उलटतं. निरोष्ठ रामायणाचं लोक कौतुक करतात आणि वाचायला केकावली घेतात. पंत मोठे ठरले ते केकावलीमुळे. नोल्टन यांची केकावली कुठली, ते सांगा.

चायना मोझॅक :

मी गच्च्यांवर आणि भिंतींवर टाइल्सच्या तुकड्यांचं काम करते, त्यामुळे राहवलं नाही.

मोझॅकमध्ये रंगाइतकीच फट महत्त्वाची असते. निपरने, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीने, तुकडा तोडला की त्याची एक कड गालाच्या गोलाईने जाते, पुढचा तुकडा तिला धरून बसतो, आणि अशा ओळी चेहऱ्यावरून वाहत जातात. फटींत ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा लेप, भरल्यावर ती वाहती रेघ दिसते. अर्धं चित्र त्या रेघांत असतं. डोमिनोंच्या चौकटीत ही सोय नाही. तिथे फटी सगळ्या उभ्या आणि आडव्या, नाकावरून जाणारी आणि कपाळावरून जाणारी एकाच जातीची. तेवढ्यापुरती मी दौत यांच्या बाजूची.

पण समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांचा चेहरा नोल्टन यांनी शंखशिंपल्यांतून केलाय, त्याचा फोटो नीट बघा. शिंपल्याला स्वतःचा आकार असतो, वळण असतं, त्याच्यावरच्या रेषाही एका बाजूला जातात. तो कुठे आणि कुठल्या दिशेने ठेवायचा, हे नुसत्या उजळपणाच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. माझ्या मते हे काम डोमिनोंपेक्षा फार वरचं आहे, आणि कौतुक मात्र सगळं डोमिनोंचंच होतं.

ओटीवरून :

ताई, कूस्तोंचं मान्य. दौत, ही घ्या केकावली.

कुंदकळी :

१९६६ च्या चित्राचा विषय अजून कुणी काढला नाही, म्हणून मी काढते. त्याच्याशिवाय नोल्टन यांच्यावरची चर्चा पुरी होत नाही.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी : नोल्टन आणि बेल लॅब्समधले त्यांचे सहकारी लिऑन हार्मन यांनी एका नग्न स्त्रीचा फोटो यंत्राने वाचून घेतला, उजेडाच्या पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येक पायरीच्या जागी ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, गणिती खुणा अशी बारीक चिन्हं भरली. सुमारे बारा फूट लांबीचं ते चित्र एका वरिष्ठाच्या खोलीत, तो गावाला गेलेला असताना, गंमत म्हणून भिंतीवर लावलं. संस्थेच्या जनसंपर्क खात्याने आधी बजावलं की चित्र वाटायचं तर वाटा, पण बेल लॅब्सचं नाव त्याला लावू नका. मग ११ ऑक्टोबर १९६७ ला न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं, आणि त्याच खात्याचा निरोप आला की हे आमच्याकडे झालंय, हे सगळ्यांना जरूर सांगा. १९६८ साली ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागलं.

फोटोतली स्त्री म्हणजे डेबोरा हेय. न्यूयॉर्कच्या जडसन चर्चमधल्या नव्या नृत्यचळवळीतली नर्तकी, पुढे मोठी नृत्यदिग्दर्शिका झाली. ती स्वतः कलावंत होती. चित्राच्या गोष्टीत मात्र दोन इंजिनिअर येतात, एक साहेब येतो, एक वर्तमानपत्र येतं, आणि ती येते फक्त आडवं पडलेलं शरीर म्हणून. कला आणि तंत्रज्ञानाची गाठ पडली ती अशी, की तंत्रज्ञान पुरुषांचं आणि अंग बाईचं. हे बाजूला ठेवून नुसतं डोमिनोंचं गणित वाखाणणं मला जमत नाही.

गवतफूल :

कुंदकळी, +१. हे चित्र मी अभ्यासक्रमात शिकले, पण हेय यांचं नाव आज पहिल्यांदा वाचलं.

अर्धविराम :

संगणकचित्रणात काम करतो, म्हणून हार्मन यांच्या बाजूने थोडं. ही मंडळी आकलनाचा अभ्यास करत होती. किती कमी माहितीत माणसाचा डोळा आकृती ओळखतो, हा त्यांचा प्रश्न. १९७३ साली हार्मन यांनी लिंकन यांचा चेहरा मोठ्या करड्या चौकोनांत छापला. जवळून नुसते ठोकळे दिसतात. डोळे बारीक केले की लिंकन. त्याच वर्षी हार्मन आणि दृष्टीचे अभ्यासक बेला यूलेस यांनी त्याचं कारण मांडलं. चौकोनांच्या धारदार कडा ही चित्रात शिरलेली जास्तीची गडबड असते, आणि ती चेहऱ्याच्या ओळखीवर पडदा टाकते. दृष्टी अंधुक केली की कडा विरतात आणि चेहरा मोकळा होतो. माहिती कमी केल्यावर ओळख वाढते, हे किती विलक्षण आहे! साल्वादोर दाली यांनी या लिंकनवरून १९७६ साली अख्खं तैलचित्र केलं. दौत यांच्या "गंमत कळली की संपलं" या वाक्याला माझं उत्तर हेच आहे. ती गंमत आपल्या डोळ्यामागे काय चालतं ते दाखवते, आणि कळल्यावरही दर वेळी तशीच घडते.

कुंदकळी यांच्या मुद्द्यावर एवढंच म्हणेन की नोल्टन यांनी पुढे लिलियन श्वार्ट्झ यांच्याबरोबर कित्येक वर्षं चित्रपट केले, आणि त्यांत श्वार्ट्झ कलावंत म्हणून बरोबरीने उभ्या होत्या.

कुंदकळी :

अर्धविराम, श्वार्ट्झ यांचं काम मला ठाऊक आहे आणि आवडतंही. पण तुमचंच उदाहरण बघा. लिंकन अंगभर कपड्यांत, नुसता चेहरा, आणि प्रयोग तसूभरही कमी पडला नाही. मग आधीच्या प्रयोगाला नग्न बाई कशासाठी लागली? साहेबाची खोली सजवायला, याखेरीज उत्तर असेल तर द्या.

अर्धविराम :

त्या खोलीच्या प्रकरणापुरतं माझ्याकडे उत्तर नाही. चित्राच्या मोलाबद्दल मात्र मत तेच आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्याची प्रत आहे, ती काही खोडीची आठवण म्हणून ठेवलेली नाही.

दप्तरखाना :

मला पेटंटचं विचारायचंय. डोमिनोंसारख्या संचांतून चित्र करायच्या पद्धतीवर नोल्टन यांनी अमेरिकेत १९८३ साली पेटंट मिळवलं. तेव्हाच्या कायद्याने पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षं होती. पुढे एमआयटी मीडिया लॅबच्या रॉबर्ट सिल्व्हर्स यांनी हजारो लहान फोटोंतून मोठा फोटो करायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, ते २००० साली मंजूर झालं. म्हणजे एकाचा हक्क संपत आला आणि दुसऱ्याचा सुरू झाला. चित्र काढायच्या रीतीवर मालकी सांगणारा माणूस शोधक असेल, पण कलावंताला हे शोभतं का? रावेन्नाच्या कारागिराने तिरक्या तुकड्यांचा हक्क राखून ठेवला असता, तर पुढच्यांनी काय केलं असतं?

ओटीवरून :

दप्तरखाना, हा मुद्दा मलाही बोचतो. पण बेल लॅब्सच्या वातावरणात वाढलेल्या माणसाला काही सुचलं की पेटंट करणं अंगवळणी पडलेलं असतं. रीत राखून ठेवली तरी चित्रं राखता येत नाहीत. आणि बॉश यांच्यासारखे लोक याच वाटेने पुढे गेलेच.

दौत, चायना मोझॅक, तुम्ही दोघं तुकडा कसा बसवला यावर बोलताय. मी तुकडा कुठला निवडला त्याकडे बघतो. ॲरन फॉयरस्टीन यांचा चेहरा नोल्टन यांनी दोऱ्याच्या रिळांतून केला. हे मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सचे गिरणीमालक. १९९५ च्या डिसेंबरात गिरणी जळाली तेव्हा त्यांनी कामगारांना वाऱ्यावर न सोडता पगार चालू ठेवला. त्या माणसाचा चेहरा दोऱ्यातच हवा, हे कुठल्या इंटिजर प्रोग्रॅमने सांगितलं असतं?

शाईची दौत :

फॉयरस्टीन यांच्या चित्रापुरतं मी तुमच्याबरोबर आहे. तिथे साहित्य आणि माणूस एकजीव झालेत. पण हीच युक्ती हेलन केलर यांच्या चित्रात फसते. त्यांचा चेहरा ब्रेलच्या अक्षरांतून केलाय. ऐकायला सुंदर वाटतं. ब्रेल ही बोटांची लिपी. तिच्यातून उमटलेला चेहरा मात्र गडद-फिक्या छटांचा, म्हणजे डोळस माणसालाच दिसणारा. ज्या बाईने सगळं जग स्पर्शातून ओळखलं, तिला स्वतःच्या या चित्रात काय सापडलं असतं? साहित्याची निवड विचाराने झाली असेल तर हा प्रश्न आधी पडायला हवा होता.

चायना मोझॅक :

दौत, हा प्रश्न एकट्या नोल्टन यांना का? संगमरवरी पुतळे सोडले तर अंधांना हात लावून बघता येईल असं किती काम कुणी करून ठेवलंय? मोझॅकला उंचसखलपणा देता येतो. गालाचे तुकडे जाड आणि डोळ्याच्या खोबणीचे पातळ घेतले, तर बोटांना चेहरा लागतो. माझ्या बैठ्या भिंतींवर लहान मुलं डोळे मिटून हात फिरवतात आणि मासा कुठे, पान कुठे ते बरोबर सांगतात. ब्रेलच्या ठिपक्यांखालचा पत्राच चेहऱ्याच्या उंचसखलपणाने ठोकून घेतला, तर हेलन केलर यांचं चित्र दोन्ही प्रकारे वाचता येईल. पत्र्याचं काम करणारं कुणी इथे असेल तर जाडी किती धरायची ते सांगा. ठिपका न चेपता खोलगट भाग निघायला हवा.