मोझार्टचा रिक्विएम ऐकायला जायलोय, कान कुठं लावू?

परभणीचा_टाळकरी
शुक्रवारी देवगिरीनं मुंबईला निघालोय. पुतणीनं मोझार्ट या युरोपातल्या संगीतकाराच्या रिक्विएमचं तिकीट काढलंय. दोन आठवडे झाले, मोबाइलवर रोज ऐकायलोय. त्यातला 'लॅक्रिमोसा' हा भाग पहिल्याच वेळी काळजात गेला, पण 'किरिए' हा भाग लागला की माझा गोंधळ होतो. वीस वर्षं कीर्तनात टाळ धरून मागं उभा आहे. बुवांनी चरण सोडला की आम्ही उचलायचा, एवढं पक्कं. इथं चौघं चार गोष्टी एकदम म्हणतात. धरायचं कुणाला?

मागच्या आषाढात वडील गेले. पखवाज वाजवायचे. गेलेल्यांसाठीची प्रार्थना आहे म्हणतात, म्हणून नुसतं बसून यायचं नाही मला.

जालन्याची_आल्टो
दादा, मी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. तुम्ही बेस धरा, म्हणजे पुरुषांचा खालचा आवाज. 'किरिए एलेइसोन', प्रभू दया कर, ही ओळ तेच आधी घेतात. लगेच पाठोपाठ आम्ही आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, 'क्रिस्ते एलेइसोन', ख्रिस्ता दया कर, घेऊन शिरतो, वेगळ्याच चालीत. मग सोप्रानो, बायकांचा वरचा आवाज, मग टेनर, पुरुषांचा वरचा. कीर्तनात टाळकऱ्यांनी चरण उचलला की बुवा थांबतात. इथं आधीचा कुणीच थांबत नाही, फरक एवढाच. शेवटी सगळे अचानक गप्प होतात आणि मग संथपणे एकत्र येतात. तिथला अखेरचा स्वर नीट ऐका: नुसते सा आणि प. ना शुद्ध गंधार, ना कोमल. तंबोऱ्यासारखं. संपूर्ण रचनेचा शेवटही तोच आहे.

लातूर_६२
सुरुवातीला टिंपनी हे मोठे नगारे ऐका. तेही सा आणि पलाच लावलेले असतात. 'लॅक्रिमोसा'चे पहिले आठच बार, म्हणजे तालाचे छोटे खंड, मोझार्टच्या हातचे आहेत. ५ डिसेंबर १७९१ ला तो गेला, तेव्हा ३५ वर्षांचा होता. पुढचं त्याच्याजवळच्या झ्यूसमायरनं पुरं केलं.

परभणीचा_टाळकरी
ताई, आत्ता हेडफोन लावून शेवट ऐकला. खरंच गंधार नाही! वडील डाव्या पुडीला कणीक लावून झाली की पखवाज मांडीवर घेऊन सा मिळेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. तेच आठवलं. एकच विचारतो, संपल्या संपल्या टाळ्या पडतात का? मला थोडं थांबायचंय.

जालन्याची_आल्टो
कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून हातानं सगळ्यांना चालवणाऱ्याचा, हात खाली येईपर्यंत थांबायचं असतं, दादा. मधल्या भागांनंतरही टाळ्या वाजवत नाहीत. तुम्ही त्याच्या हाताकडं बघत राहा.