उत्तर: नोंद जतन झाली, पण यादीत दिसत नाही

डायनॅमोडीबीत (ॲमेझॉनचा क्लाउड डेटाबेस) नोंद जतन झाल्यावर लगेच यादी मागवली तर त्यात ती नोंद दिसत नाही, असा प्रश्न आहे आणि या चर्चेत वर कुणी त्याला 'कॅशेचा घोळ' (तात्पुरत्या साठवलेल्या जुन्या प्रतीचा दोष) म्हटलंय. मला तसं वाटत नाही. डायनॅमोडीबीत ग्लोबल सेकंडरी इंडेक्स (वेगळ्या की-वरून नोंदी शोधण्याची सूची; यादी अशा इंडेक्सवरून येत असेल तर) मूळ टेबलामागून, असिंक्रोनस पद्धतीने (राइट पूर्ण व्हायची वाट न अडवता, मागाहून) अद्ययावत होतो आणि त्यावर स्ट्राँगली कन्सिस्टंट रीड (अगदी ताजी नोंद नक्की देणारं वाचन) मिळतच नाही. एरवी हा उशीर सेकंदाहूनही कमी असतो, म्हणून चाचणीत तो सापडत नाही (आणि नेमका डेमोत सापडतो!).

इंडेक्समधून फक्त की (नोंदीची ओळख) घ्या, मूळ टेबलातून कन्सिस्टंट रीड करा आणि यादीची अट पुन्हा तपासा. शिळ्या नोंदी गळतील. इंडेक्समध्ये अजून न पोचलेली नोंद मात्र यानेही सापडणार नाही. ती स्क्रीनवर थेट राइटच्या (नोंद जतन करण्याच्या) उत्तरातूनच दाखवा. मध्ये स्लीप (ठरावीक वेळ थांबणं) घालणं म्हणजे निव्वळ जुगार.