‘अतालता’ म्हणावं का? आणि व्रण की वण?

विटेकर: तीन वर्षांपूर्वी मामांना अटॅक येऊन गेला. आता मधूनच छातीत धडधड सुरू होते, डोळ्यांपुढं अंधारी येते. डॉक्टर म्हणाले, व्हीटी आहे, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून उठणारी वेगवान धडधड; मॅपिंग करून ॲब्लेशन करू. मामा मला म्हणाले, “काळजाचा कसला नकाशा काढत्यात?” मी ठोकून दिलं, “मोजणी.” ते त्यांना लगेच पटलं. पण सोबतच्या मराठी पत्रकात ‘हृदय-अतालतेचे मानचित्रण’ असं आहे, शिवाय ‘हृदयातील व्रण’. यातलं बरोबर काय?

मिरजवाली: कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात तार घालून तपासतात तिथं, काम करते, नातेवाइकांना हेच रोज समजावते. मोजणी झकास आहे, तोच शब्द ठेवा. जांघेतल्या रक्तवाहिनीतून तार हृदयात नेतात आणि तिचं टोक आतल्या भिंतीला ठिकठिकाणी टेकवत जातात. टेकेल तिथली वीज मोजायची. साधारण १.५ मिलिव्होल्टच्या वर भरली तर स्नायू धड, ०.५ च्या खाली म्हणजे अटॅकमध्ये मेलेला, मधला पट्टा संशयाचा. पडद्यावर धड भाग जांभळा दिसतो, मेलेला लाल.

पण मेलेला भाग सलग मेलेला नसतो. खडकाळ रानातून पाणंद जावी तशी जिवंत स्नायूची चिंचोळी वाट त्यातून जाते. वीज तिथून रखडत निघते. ती बाहेर पडेपर्यंत भोवतीचा स्नायू पुन्हा ठोका द्यायला तयार झालेला असतो, म्हणून वीज वळसा घालून परत त्याच वाटेच्या तोंडाशी येते. ही फेरी थांबतच नाही, तीच व्हीटी. मोजणीत ती पाणंद सापडली की तिथं डाग द्यायचा, तेच ॲब्लेशन.

बांधावरचा: ताई, नातेवाइकांपुढं ‘डाग द्यायचा’ म्हणू नका हो! आमच्या तासगावकडं डाग स्मशानात देतात.

मिरजवाली: अगदी खरं, एका आजींनी पदर तोंडाला लावला होता. तेव्हापासून ‘शेक देऊन वाट बुजवतात’ म्हणते.

जुना मास्तर: व्रण म्हणजे मुळात जखम. जठरव्रण म्हणतो तेव्हा अल्सरच अभिप्रेत असतो. जखम भरल्यावर उरते ती खूण म्हणजे वण. शब्द आला व्रणापासूनच, पण मराठीत त्याने वेगळा संसार थाटला. ‘देवीचे वण’ म्हणतो, ‘देवीचे व्रण’ कोण म्हणतं? अटॅकनंतर हृदयात राहतो तो वण. पत्रकातला ‘व्रण’ वाचून मामांना आत अजून ओली जखम आहे असं वाटायचं. वर्तमानपत्रं सर्रास घोळ घालतात, तो भाग निराळा.

तबलजी: माझं भांडण ‘अतालता’शी. ताईंनी सांगितलं ते तालाबाहेरचं कुठं आहे? त्याच वाटेनं त्याच वेळात फेरी पूर्ण करून समेवर यायचं, हे तर आवर्तन झालं! बिघडली ती लय, अतिद्रुत झाली.

मिरजवाली: बरोबर पकडलंत. या व्हीटीत ठोके बहुतेक एकसारखेच पडतात, फक्त मिनिटाला दीडशे-दोनशेच्या घरात. हृदयाला भरायलाच सवड मिळत नाही, म्हणून अंधारी. खरा बेताल प्रकार म्हणजे व्हीएफ. त्यात हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढं जातच नाही. व्हीटी कधीकधी त्यात उतरते, म्हणून भीती. आणि म्हणूनच मोजणी करूनही अनेकांना आयसीडी बसवतात, म्हणजे असं झालं की आतूनच शॉक देणारं यंत्र. आमच्याकडं सगळे त्याला ‘शॉकचं मशीन’ म्हणतात, त्याला मराठी शब्द शोधू नका.

जुना मास्तर: मग अतालता हे ठोके बिघडण्याच्या सबंध कुळाचं नाव राहू द्या. या फेरीला आवर्तन.

विटेकर: मामांना आवर्तन सांगून बघितलं. आधी म्हणाले, “टेंभूच्या कालव्याचं सुटलं का?” मग फेरी समजावली, वाट बुजवायची तेही सांगितलं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजी पाणी एकाच सरीत फिरतंय. मग दारं धरणारा गडी तेवढा हुशार बघा.”